रकाना नऊ : रिकाम्या जागा

रकाना १. गावाचे नाव व जिल्हा

'सांगली' एवढं लिहून मानसिंगचा टाक थांबला. जिल्हा काय लिहायचा? दीड वर्षापूर्वीपर्यंत हे संस्थान होतं. मग ते मुंबई इलाख्यात आलं, आणि या ऑगस्टपासून सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन खालच्या वाटणीला 'दक्षिण सातारा' म्हणायचं ठरलं. गाव तेच, घाट तोच, गणपतीच्या देवळाची घंटा तीच. फक्त कागदावर गाव दोनदा हललं होतं.

मानसिंग साताऱ्याच्या कचेरीतला हंगामी कारकून. त्याचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्याही पलीकडं. तिथं पाऊस लांबच्या पाहुण्यासारखा येतो, दारातनं डोकावतो आणि चहा न घेता जातो. आई चार शेळ्या राखून होती. मॅट्रिकपर्यंत शिकलेला घराण्यातला हा पहिलाच, आणि हंगामी हा शब्द त्याच्या नावामागं गोचिडासारखा चिकटला होता.

हेडक्लार्कनं त्याच्या हातात चौदा रकान्यांचं छापील माहितीपत्रक ठेवलं होतं.

"दहा दिवसांत गाव कागदावर उतरलं पाहिजे. भरलेलं पान रोजच्या रोज टपालात टाकायचं. पानं बिनचूक आली तर तुम्ही कायम. आणि खाडाखोड आली तर..."

पुढचं वाक्य त्यांनी तपकिरीबरोबर नाकात ओढून घेतलं.

मानसिंगनं लिहिलं: सांगली. जिल्हा दक्षिण सातारा. बिनचूक.


रकाना ३. पाणी

पुरेसे.

हे लिहिण्यापूर्वी तो घाटावर तासभर बसला होता. गुडघ्यापर्यंत पाय कृष्णेत सोडून. त्याच्या गावी एक घागर भरायला आईला आडात उतरावं लागायचं, वाटीनं पाणी भरायचं, वर यायचं. इथं एक माणूस दोन बैलांना पाण्यात घालून सावकाश धूत होता. बैल धुऊन झाल्यावर त्यानं गाडीची चाकं धुतली. चाकं धुऊन झाल्यावर, पाणी आहेच म्हणून, शेजारचा दगडही धुतला.

आणि एकही माणूस नदीकडं बघत नव्हता. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं कोण रोज बघतं? ती आहे, असणार, एवढंच.

मानसिंगला 'भरपूर' लिहायचं होतं. पण नमुन्यात तीनच पर्याय छापले होते : पुरेसे, अपुरे, नाही. त्यानं पुरेसे लिहिलं, पान घडी करून टपालात टाकलं, आणि परत येऊन पुन्हा पाय पाण्यात सोडले.


रकाना ६. मुख्य व्यापार व तो करण्याची रीत

हळदीच्या पेठेत शिरलं की पहिल्यांदा नाकाला कळतं, मग डोळ्यांना. इथली माणसं पिवळी, पोती पिवळी, भिंती कमरेपर्यंत पिवळ्या. एक पांढरं कुत्रं होतं, तेही पोटाखाली पिवळं. चिमण्या धुळीत अंग घोळून उडाल्या तरी कुणाच्या तरी लग्नातनं आल्यासारख्या दिसायच्या.

जाफर तिथला तोलार. तीस वर्षं काट्यावर उभा राहिलेला माणूस, मिशांचे आकडे काट्यासारखेच समतोल. मानसिंग वही घेऊन उभा राहिलेला बघून त्यानं पोत्यावरची धूळ झटकली.

"बसा भाऊसाहेब. उठताना पिवळं व्हाल, आदीच सांगतो."

"भाव कसा ठरतो ते लिहायचं आहे."

"लिवून कसं कळायचं? ते बगा."

समोर दोन माणसं हस्तांदोलन करावं तशी उभी होती, पण हातांवर रुमाल टाकलेला. तोंडं अगदी कोरी. रुमालाखाली बोटं हलत होती. एकानं दुसऱ्याची दोन बोटं दाबली, सोडली, मग एक मुडपलं. दुसऱ्यानं मान हलवली. पहिला बाजूला झाला, त्याच्या जागी तिसरा आला, त्यानंही रुमालाखाली हात घातला. चारी बाजूंनी माणसांचा गराडा, आणि त्यात एक शब्द नाही.

"काय म्हणाले ते?"

"कुणाला ठावं? ज्याचा हात त्याला ठावं."

"आणि उद्या कुणी म्हणालं, मी एवढी बोटं दाबलीच नव्हती, तर?"

जाफरनं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मानसिंगनं विचारलं होतं, उद्या सूर्य मिरजेकडनं उगवलाच नाही तर?

"म्हंजे कसं म्हनंल?"

त्यानं लिहिलं : भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. पुरावा राहत नाही. तक्रार आढळली नाही.

उठला तेव्हा पिवळा झाला होता.


रकाना ९. रिकाम्या जागा (नव्या जिल्ह्याच्या कामासाठी योग्य)

इथं तो चुकला. पण चुकताना त्याला आपण फारच हुशारी केली असं वाटत होतं, म्हणून हे सगळं नीट सांगायला पाहिजे.

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता म्हणजे चिंचेच्या झाडांचा बोगदा. दोन्ही अंगांना हिरवं गच्च रान. ऊस, भुईमूग, हळदीची रुंद पानं. मानसिंग चालत होता आणि त्याच्या डोक्यात एकच : इथं रिकामी जागा कुठनं आणायची? या लोकांनी बांधावरसुद्धा तुरी लावल्यात.

आणि एका वळणावर ते रान दिसलं. चारेक एकर, सपाट, उघडं. श्रावणात सगळं जग हिरवं झालं असताना तिथं गवताचं पातं नव्हतं. होतं तेही कुणीतरी खुरपून काढलेलं. कडेच्या चिंचेखाली एक म्हातारा घोंगडी टाकून बसला होता. त्याचं नाव केरबा.

"मामा, हे रान कुणाचं?"

"बयाबाईचं. सयाजी हवालदाराच्या मालकिनीचं."

"काय पेरता?"

"काय न्हाई."

"यंदा नाही?"

"कवाच न्हाई."

"म्हणजे किती वर्षं?"

"माज्या आज्यानं बी कवा नांगर घातलेला बगितला न्हाई."

"पाणी?"

"एक थेंब ठरू देत न्हाई. चर मारलेत की कडंनं."

मानसिंगनं टाक सरसावला. नदी हाकेच्या अंतरावर, माती लोण्यासारखी, आणि हे लोक पाणी अडवायच्या ऐवजी काढून देतात. त्याच्या गावी असली चार एकर कुणाला मिळाली असती तर माणूस तिथं झोपला असता, मातीला ऊब म्हणून.

"मग तुम्ही इथं काय राखता?"

केरबानं तंबाखू मळता मळता त्याला खालपासनं वरपर्यंत बघितलं. पायात कचेरीच्या वहाणा, हातात सरकारी कागद. या गावात एक जुनी रीत होती. रान कुणाचं ते परक्याला सांगावं, रानात काय आहे ते सांगू नये.

"रान राखतोय," तो म्हणाला.

एकही उत्तर खोटं नव्हतं. ही गोष्ट मानसिंगनं पुढं अनेकदा मनाशी घोळवली. म्हाताऱ्यानं सगळं खरं सांगितलं, आपण ते जसंच्या तसं लिहिलं, आणि झालं ते धादांत खोटं.

त्यानं लिहिलं : हरिपूर रस्त्याकडेस सुमारे चार एकर. सपाट, निचऱ्याची. पिढ्यान्पिढ्या पडीक. मालक विनाकारण राखण ठेवतात. अत्यंत योग्य.

'अत्यंत' हा शब्द नमुन्यात मागितला नव्हता. तो त्यानं पदरचा घातला. मग सही केली आणि पान टपालात टाकलं.


रकाना ११. गोदामे

सहाव्या दिवशी तो पेठेत गोदामं मोजत होता. मोजून संपली, आणि आकडा जुळेना. म्हणून तो जाफरकडं गेला. जाफर भाकरीचं फडकं सोडून बसला होता. अर्धी त्यानं न विचारता मानसिंगच्या हातावर ठेवली.

"जाफरभाई, पेठेत एवढी हळद येते, आणि ठेवायला जागा एवढीशी. बाकीची जाते कुठं?"

"जिमिनीत."

"पेरायची नाही म्हणत मी. ठेवायची."

"मी बी ठेवायचीच म्हनतोय. पेवात." जाफरनं भाकरीचा तुकडा मोडून हवेत एक आकार काढला, अरुंद गळ्याच्या रांजणासारखा. "वरनं एवढंसं तोंड, मानूस जेमतेम जाईल. खाली दोन पुरूस खोल, पोट ह्या खोलीएवढं. आतनं उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, वर फरशी, फरशीवर माती. झालं. चार साल ऱ्हाऊ दे, सात साल ऱ्हाऊ दे. कीड न्हाई, बुरशी न्हाई. काढशील तवा काल शिजवल्यागत. ती माती दुसरीकडं कुटं न्हाई गड्या. हरिपुरातच."

घास मानसिंगच्या तोंडात तसाच राहिला.

"वरनं... वरनं कसं दिसतं ते?"

"कसं दिसनार? उगडं रान. वर काय पेरीत न्हाईत, मुळ्या खाली जात्यात. पानी ठरू देत न्हाईत. बगितलं तर वाटावं, पडीक हाय."

पडीक. मानसिंगनं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग त्यानं जे झालं ते सगळं सांगितलं. जाफर हसेल असं त्याला वाटलं होतं. जाफर हसला नाही. त्यानं फडकं गुंडाळलं.

"त्या रानात तीस-बत्तीस पेवं असतील. निम्म्या पेठेची हळद. एक लोखंडी खुंटी जरी फरशीतनं आत गेली, तर पावसाचं पानी त्याच वाटंनं उतरतंय. मग वरचा थर कुजतो, आनि एक कुजला की खालचा धरतोय." तो थांबला. "पान परत मागवा की."

"गेलं. तिसऱ्या दिवसाच्या टपालात."

"मग मानूस यायच्या आत गाटा. कागद गेला की मानूस येतोयच."


या भागाला रकाना नाही

माणूस आला होता. मानसिंग चिंचांच्या सावलीतनं पळत वळणावर पोचला तेव्हा रानाच्या कडेला एक लॉरी उभी होती. लॉरीत लोखंडी खुंट्या, मोजणीची साखळी, चुन्याची पोती. ओव्हरसियर साहेब टोपी घालून नकाशा बघत होते. नव्या जिल्ह्याच्या पोलिसांसाठी दिवाळीच्या आत चाळी उठायच्या होत्या, आणि 'अत्यंत योग्य' हे शब्द त्यांच्या फार मनात भरले होते.

दोन खुंट्या ठोकून झाल्या होत्या. तिसरीच्या जागेवर केरबा मांडी घालून बसला होता.

"हितं न्हाई," तो म्हणत होता.

"मग कुठं?"

"हितं न्हाई."

"आजोबा, तुम्ही उठा. मग बोलू."

"बसून बी बोलता येतंय."

तेवढ्यात बयाबाई आली. पन्नाशीची, उंच, कमरेला पदर खोचलेला. तिनं दोन खुंट्यांकडं बघितलं, त्या कुठं ठोकल्यात ते केरबाच्या तोंडावरनं वाचलं, आणि सुस्कारा सोडला. नशिबानं त्या दोन्ही पेवांच्या मधल्या मातीत गेल्या होत्या.

मानसिंगनं साहेबांसमोर जाऊन टोपी काढली. सहा दिवस जपून वापरलेली कचेरीची भाषा त्याच्या तोंडातनं एकदम गळून पडली.

"सायेब, ते पान मी लिवलंय. चुकलं. ही जागा रिकामी न्हाई. खाली हळद हाय."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी रानाकडं बघितलं, मग कागदाकडं, मग मानसिंगकडं.

"कारकून, ही सही तुमची?"

"व्हय."

"पिढ्यान्पिढ्या पडीक, हे अक्षर तुमचं?"

"व्हय."

"आणि आता म्हणता भरलेली आहे. कशावरून?"

केरबा उठला. दहा पावलं चालला, उजवी टाच जमिनीवर मारली. धप्प. पुढं दोन पावलं, पुन्हा मारली. आवाज बदलला होता, खोल झाला होता; कुणी मोठ्या डेऱ्यावर हात मारावा तसा. "हे चिंचेपासनं एकवीस पावलांवरचं, जाफरच्या मालकाचं. हे भरलेलं. हे पलीकडचं निम्मं." कुठंही दगड नाही, खूण नाही. सगळं रान त्या टाचेत होतं.

"आवाज कागदावर येत नाही, आजोबा," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "मला वर लिहावं लागेल. डोळ्यांनी पाहिलं असं लिहायला मला डोळ्यांनी पाहायला पाहिजे."

श्रावणातलं ऊन पडलं होतं, पण नदीच्या अंगाला ढग होते. पावसाळ्यात पेव उघडायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. एकदा तोंड उघडलं की आत हवा आणि ओल शिरते. मग ते पुन्हा बुजवून चालत नाही. असेल नसेल ती सगळी हळद त्याच दिवशी वर काढून कोरड्यात न्यावी लागते. पाऊस गाठला तर संपलं.

"माजं उगड," बयाबाई म्हणाली.

"वैनी," केरबा म्हणाला, "श्रावणात पेव उगडल्यालं कुनी ऐकल्यालं बी न्हाई."

"मग आता ऐकतील. बाकीची लोकांची हायत, त्यांचं न्हाई उगडता येत. एक माजं हाय. एक जाईल, तीस ऱ्हातील."

"हवालदारास्नी इचारा तरी."

"ते गेल्यात साताऱ्याला पेन्शनीच्या कामाला. त्यांना इचारून सात वर्सं झाली, दर साली म्हनत्यात पुडच्या साली उगडू." तिनं पदराची गाठ सोडून एक सुपारी काढली आणि केरबाच्या हातावर ठेवली. "न्हाई तरी कुनीतरी ठरवायलाच पायजे हुतं."

केरबानं चिंचेच्या बुंध्याला पाठ लावली आणि पावलं मोजत निघाला. थांबला. टाच मारली. सुपारी मातीवर ठेवून नमस्कार केला आणि कुदळ घातली.

हातभर माती निघाली. फरशी लागली. फरशी सरकवली तसं खालचं पाचट दिसलं, अजून सोनेरी. ते उपसून काढताच केरबा सगळ्यांना हातानं मागं ढकलत म्हणाला, "सरका. नाक धरा. वाकून कुनी बगायचं न्हाई."

"का?" साहेबांनी विचारलं.

केरबानं कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. पुरुषभर खाली गेला असेल. ज्योत आखडली, निळी झाली आणि कुणी फुंकर मारावी तशी विझली.

"मानूस बी असाच इजतो," केरबा म्हणाला. "आतली हवा जाऊ द्या."

"किती वेळ लागतो?"

"पेवाला लागंल तेवडा."

साहेबांनी घड्याळ काढलं. केरबानं घोंगडी पसरली. घड्याळापेक्षा घोंगडी बरी हे साहेबांना लवकरच पटलं. चिंचेखाली सगळे बसले : साहेब, मजूर, बयाबाई, मानसिंग. बयाबाईनं भुईमुगाच्या शेंगा आणवल्या. तिच्या रानात खुंट्या ठोकायला आलेल्या मजुरांच्या ओंजळीत तिनंच त्या ओतल्या.

"इथं चोरी होत नाही?" साहेबांनी शेंग फोडत विचारलं. "कुलूप नाही, कुंपण नाही."

"चोराला कुटं हाय ते कळाय पायजे," केरबा म्हणाला. "कळलं तर फरशी निगाय पायजे. निगाली तर आत उतराय पायजे."

"आणि उतरला तर?"

"मग तो तिथंच घावतोय."

मजूर हसले. साहेबही हसले. मानसिंगला हसू आलं नाही. तो नदीकडच्या ढगांवर नजर ठेवून होता. ढग नदीवरच्या पुलाच्या अलीकडं आले होते. एका माणसानं पदरचा एक शब्द घातला म्हणून एका बाईची सात वर्षं त्या भोकातनं वर येणार होती.

तो उठला आणि साहेबांना म्हणाला, "मी पेठेत जाऊन येतो."

"कशाला?"

"गाड्या सांगाय."

पण त्याला फार लांब जावं लागलं नाही. चिंचांच्या बोगद्यातनं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. पुढच्या गाडीवर जाफर उभा होता, काट्यावर उभा असावा तसा. मागं आणखी चार गाड्या, गाड्यांवर रिकामी पोती, दोर, ताडपत्री, आणि सात-आठ हमाल. मानसिंगनं गाड्यांवरची नावं वाचली. कालच रुमालाखाली एकमेकांची बोटं पिरगळणाऱ्या चार अडत्यांच्या गाड्या एका रांगेत होत्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की. भाकरी टाकून पळाला तवा."

"पण पेव उघडतील हे..."

"बयाबाईला आमी वळखतो," जाफर म्हणाला. "साहेब लोकांना बगितल्याबिगर पटत न्हाई, ते बी वळखतो. मग गाडी जुपायला काय सांगावं लागतंय?"

दुसऱ्यांदा सोडलेला कंदील तळापर्यंत जाऊन जळत राहिला. केरबा कमरेला दोर बांधून आत उतरला. थोड्या वेळानं दोराला हिसका बसला आणि एक पाटी वर आली.

पाटीआधी वास आला. कोरडा, उबदार, जुन्या पेटीतलं लुगडं उघडावं तसा. साहेबांनी एक हळकुंड उचललं, दोन्ही हातांनी मोडलं. कट्. आतनं जो रंग निघाला तो बघून चुन्याचे हात पुसत बसलेले मजूरसुद्धा पुढं सरकले.

"कधीची?"

"बेचाळीसची," बयाबाई म्हणाली. "त्या साली तारा तुटत हुत्या, पोरं रानावनात लपत हुती, मालक पलटनीत हुते. गावात काय ऱ्हातंय काय न्हाई कुनाला ठावं. मी म्हनलं, हळद तरी पुरून ठेवावी."

साहेबांनी मोडलेलं हळकुंड रुमालात गुंडाळलं. मग मजुरांकडं वळून म्हणाले, "खुंट्या उपटा."

त्यानंतर बोलायला वेळच नव्हता. आत केरबा आणि दोन हमाल पाट्या भरत होते, वर दोर ओढले जात होते, जाफर पोत्यांची तोंडं शिवत होता. मानसिंगनं वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि पोती पाठीवर घेतली. माणदेशी पाठ. तिनं दुष्काळी कामावर खडी वाहिली होती; हळद तिला हलकी लागली.

पाच गाड्या भरल्या. सहा-सात पोती उरली, आणि पहिला गार वारा सुटला.

"फेरी मारून यायला येळ न्हाई," जाफर आभाळाकडं बघत म्हणाला.

साहेबांनी लॉरीकडं हात केला. "यात टाका. रिकामीच जायची आहे."

शेवटची ताडपत्री बांधताना थेंब पडायला लागले. त्याच वेळी वळणावर एक टांगा थांबला. त्यातनं सयाजी हवालदार उतरले, छत्री उघडली आणि स्वतःच्या रानातल्या भोकाकडं बघत उभे राहिले.

"उगडलंस?"

"उगडलं," बयाबाई म्हणाली.

हवालदारांनी भरलेल्या गाड्यांवरनं नजर फिरवली.

"मी म्हनत हुतो, पुडच्या साली."

"हां. म्हनत हुता."

त्यांनी छत्री मिटली, बायकोच्या हातात दिली आणि गाडीला मागनं हात लावला.


रकाना ९. रिकाम्या जागा (दुरुस्ती)

सातव्या दिवशी मानसिंगनं कोरं पान घेतलं. हात घासून घासून धुतले होते, तरी नखांत, बोटांच्या रेघांत पिवळं राहिलंच होतं. ज्या गावाला तीन पर्यायांत बसवायचं होतं ते गाव असं त्याच्या कातडीत बसलं होतं.

चूक लपवायची एक वाट होती. 'नवीन माहिती मिळाल्यावरून' असं लिहिलं की चूक कुणाचीच राहत नाही. कचेरीत ते वाक्य तयारच असतं. साहेबांनी जाताना ते सुचवलंही होतं, भल्यासाठी. मानसिंगनं ते मनात लिहून बघितलं. मग त्याला रुमालाखालचे हात आठवले, आणि जाफरचा चेहरा. म्हंजे कसं म्हनंल?

त्यानं लिहिलं :

पूर्वीच्या पानातील नोंद चुकीची आहे. ती माझ्या अज्ञानाने झाली. जमिनीविषयी विचारले, खाली काय आहे ते विचारले नाही. हरिपूर रस्त्याकडेची सदर जागा पडीक नसून भरलेली आहे. तेथे पेवे आहेत. ती वरून दिसत नाहीत, म्हणून यापुढे कोणीही वरून पाहून लिहू नये. कुलूप, कुंपण, खूण नाही. राखणदार केरबा यास सर्व पेवे पाठ आहेत. पेवांसाठी नमुन्यात रकाना नाही, तो घालावा.

रिकाम्या जागा : नाही.

सही करताना अंगठा कागदावर टेकला. उचलला तेव्हा तिथं अंगठ्याची पिवळी खूण राहिली, रेघन्रेघ दिसावी अशी. पान पुन्हा लिहायला दुसरा कोरा नमुना नव्हता.

साताऱ्याहून उत्तर आलं ते केरबाला त्यानं चिंचेखाली बसून वाचून दाखवलं. पोलिसांच्या चाळींसाठी दुसरा माळ बघितला होता. पेवांच्या रानाला हात लागणार नव्हता. खाली हेडक्लार्कचा शेरा होता : 'कागद डागाळलेला. नोंदीत खाडाखोड. हंगामी मुदत सहा महिने वाढविण्यात येते. उर्वरित रकाने सांगलीत राहूनच पूर्ण करावेत.'

"म्हंजे काय झालं?" केरबानं विचारलं.

"कायम न्हाई केलं."

"मग हितंच का?"

"सहा म्हैने."

केरबानं तंबाखू मळली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली. मग उठून दोन खुंट्यांची भोकं बुजवलेल्या जागी गेला, टाच मारली, कान दिला. मानसिंगला खूण करून बोलावलं आणि बाजूला सरकून त्याला जागा दिली.

"वहाना काड," तो म्हणाला. "आनि मार टाच."